काळी ज्वारी आणि शरीराचे पहारेकरी

ऑक्टोबर महिन्याचे पहिले पंधरा दिवस. लातूर जिल्ह्यातील रेणापूरच्या शिवारात खरिपाची सुगी सुरू झालेली आहे. सोयाबीनच्या शेंगा वाळून खडखडू लागल्या आहेत. रेणा नदीच्या काठाने कोठे कोठे ज्वारीचा पट्टा उभा आहे. कणसे भरली आहेत, दाणा पक्व झाला आहे. आता चार दिवस कडक ऊन पडले की काढणी, मळणी आणि मग दाणे घरात. पण नेमका याच वेळी आभाळ भरून येते. परतीचा पाऊस दोन दिवस झोडपतो, तिसऱ्या दिवशी झिमझिम लागते आणि चौथ्या दिवशी ऊन पडते तेव्हा मोत्यासारखी पांढरी कणसे करडी झालेली दिसतात. आठवड्याने पाहावे तर दाण्यांवर कोठे काळपट, कोठे गुलाबी झाक आलेली असते. शेतकरी म्हणतो, "ज्वारी काळी पडली."

मराठवाड्याला हे दृश्य नवे नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने असेच घडवले. काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळत नाही, हे नुकसान सर्वांना दिसते. परंतु त्या काळ्या दाण्यात न दिसणारेही काही असू शकते. ते एकटे नसते, जोडीने किंवा टोळीने येते; आणि ते शरीराच्या ज्या व्यवस्थेवर घाला घालते, ती व्यवस्थाही आपल्याला कधी दिसत नाही. या अदृश्य टोळीची आणि अदृश्य पहारेकऱ्यांची हकिकत आज आपण पाहू.

जुनी ज्वारी काळी का पडत नसे?

विद्यार्थी मित्रांनो, घरातील आजोबांना विचारा. ते बहुधा सांगतील, "पूर्वीचा जोंधळा असा काळा पडत नसे." यात केवळ जुन्याचे कौतुक नाही, त्यात विज्ञान आहे. खरिपातील जुन्या गावरान वाणांना दिवसाची लांबी 'कळत' असे. दिवस पुरेसे लहान होईपर्यंत त्यांना फुलोरा येत नसे. त्यामुळे दाणा भरून पिकायचा तो पाऊस संपल्यानंतर, कोरड्या हवेत. पीक उशिरा येई, उत्पन्न कमी येई, पण दाणा स्वच्छ राही.

१९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात प्रसारित झाला आणि त्यामागून इतर संकरित वाण आले. खेड्यातील लोकांच्या तोंडी त्यांचे 'हायब्रीड' हेच नाव रुळले. उत्पन्न कितीतरी वाढले. अनेक घरांना वर्षभर पुरेल इतकी भाकरी मिळाली, हे त्या वाणांचे मोठे उपकार होत. मात्र हे वाण दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाहीत. ते शंभर-सव्वाशे दिवसांत तयार होतात, म्हणजे पाऊस अजून रेंगाळत असतानाच. भिजलेले कणीस आणि उबदार हवा हे बुरशीला आमंत्रणच होय. रब्बीची मालदांडी ज्वारी पांढरीशुभ्र राहते, याचेही कारण हेच. ती पिकते फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुढे 'परभणी श्वेता'सारखे, बुरशीला बऱ्यापैकी दाद न देणारे खरीप वाण तयार केले, तेही याच अडचणीवर उपाय म्हणून.

बुरशी आणि तिचे विष

बुरशी म्हणजे हरितद्रव्य नसलेला सजीव. तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे बारीक तंतू दाण्यात शिरतात, विकरे सोडून पिष्ट विरघळवतात आणि शोषून घेतात. एवढ्यावर ती थांबली असती तर दाणा पोकळ होण्यापलीकडे फारसे बिघडले नसते. पण काही बुरशी वाढता वाढता विशिष्ट रासायनिक द्रव्येही तयार करतात, आणि त्यांतील काही माणसाला व जनावरांना विषारी असतात. त्यांना कवकविषे म्हणतात.

या विषांकडे जगाचे लक्ष गेले ते १९६० साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मरून पडले. रोगजंतू सापडेना, म्हणून रोगाला नाव पडले 'टर्की एक्स रोग'. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. त्या पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती. तिच्या नावातील अक्षरे घेऊन विषाचे नाव ठेवले गेले अफ्लाटॉक्सिन. अतिनील प्रकाशात त्याचा एक प्रकार निळा चमकतो, दुसरा हिरवा. इंग्रजीतील 'ब्लू' आणि 'ग्रीन' या शब्दांवरून त्यांना 'बी' आणि 'जी' म्हणतात. यांतील बी-१ सर्वांत घातक.

यानंतर एकामागून एक विषे सापडत गेली. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेत ऑक्राटॉक्सिन आणि १९८८ साली तेथेच फ्युमोनिसिन. फ्युमोनिसिन तयार करणारी फ्युजेरियम जातीची बुरशी मका आणि ज्वारी या दोहोंवर आनंदाने वाढते. ज्वारीवरील गुलाबी झाक बहुधा तिचीच.

दख्खनच्या पठारावर

आपल्या देशात या विषांनी तीन वेळा मोठा धडा दिला. त्यातला पहिला १९७४ सालचा. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांतील दोनशेहून अधिक आदिवासी गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठू लागले. त्याच घरांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाला आणि तीही मेली. ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी घरांतील मका तपासला. अवकाळी पावसात भिजलेल्या त्या मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होते. आज धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा मानली जाते; म्हणजे काही नमुन्यांत विष मर्यादेच्या सुमारे हजारपट होते.

दुसरा धडा १९८७ सालचा, काश्मीर खोऱ्यातला. पावसात भिजलेल्या गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन हजारो लोकांना पोटदुखी, घशाची जळजळ, जुलाब असा त्रास झाला. पिठात एक विष सापडले नाही, अनेक सापडली : डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, निव्हॅलेनॉल, टी-२. आणखी एक बारीक गोष्ट तपास करणाऱ्यांनी टिपून ठेवली. ज्या मुलांनी हा पाव आठवड्याहून अधिक काळ खाल्ला होता, त्यांच्यात घसा व श्वसनमार्गाच्या संसर्गाचे प्रमाण वाढलेले दिसले. पोट बिघडले हे समजण्याजोगे होते. पण सर्दी-खोकला का वाढावा? हा प्रश्न लक्षात ठेवा.

तिसरा धडा आपल्या अगदी अंगणातला, दख्खनच्या पठारावरचा आणि ज्वारीचा. १९९५ साली काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेली, बुरसटलेली ज्वारी आणि मका खाणाऱ्या घरांत पोटात कळा येणे, गुडगुडणे आणि जुलाब अशी साथ आली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ५० गावे पाहिली. त्यांपैकी २७ गावांत हा आजार आढळला. धान्य तपासले तेव्हा फ्युमोनिसिन निघाले. आजारी घरांतील ज्वारीत ते किलोमागे ७.८ मिलिग्रॅमपर्यंत आणि मक्यात ६४.७ मिलिग्रॅमपर्यंत होते. तेच धान्य एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांना घातले, तर पिलांनाही जुलाब झाले. लोकांनी ते धान्य खाणे थांबवल्यावर आजार ओसरला.

शरीराचे पहारेकरी

काश्मीरच्या मुलांना खोकला का झाला, हे समजण्यासाठी शरीराची संरक्षणव्यवस्था थोडक्यात पाहू. एखाद्या जुन्या गावाचे चित्र डोळ्यांसमोर आणा.

गावाला पहिली असते ती तटबंदी. शरीरात हे काम त्वचा आणि आतड्याचे अस्तर करते. आतड्याच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात आणि त्यांच्यावर चिकट थर असतो. या थरात 'आयजीए' नावाची प्रतिपिंडे असतात. ती जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत. लाळेतही ती असतात.

दुसरी फळी गस्त घालणाऱ्यांची. भक्षक पेशी रक्तात आणि ऊतींत फिरतात, परका जंतू दिसला की त्याला गिळतात आणि इतरांना इशारा देतात. हा इशारा म्हणजे सायटोकाइन नावाची प्रथिने, गावातल्या दवंडीसारखीच.

तिसरी फळी शिकलेल्या शिपायांची. यांना लसीका पेशी म्हणतात. सर्व पांढऱ्या पेशींची भरती होते हाडांच्या मज्जेत. 'टी' पेशींचे शिक्षण होते छातीतील यौवनलोपी ग्रंथीत. 'बी' पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही फळी एकदा पाहिलेला शत्रू विसरत नाही. लस टोचण्याचा सारा उपयोग या स्मरणशक्तीवरच आहे.

या सर्व शिपायांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. लढाईच्या वेळी त्यांना झपाट्याने वाढावे लागते. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी व्हायच्या, तर पेशीकेंद्रातील डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि प्रथिने भराभर तयार व्हावी लागतात. नेमक्या याच दोन कामांत कवकविषे खोडा घालतात. म्हणूनच इतर अवयव धडधाकट दिसत असतानाही संरक्षणव्यवस्था आधी ढासळू शकते.

कोणाचा घाव कोठे?

अफ्लाटॉक्सिन बी-१ पोटात जाते ते तसेच घातक नसते. यकृतातील विकरे त्याला शरीराबाहेर टाकण्याजोगे करायला जातात आणि त्या प्रयत्नात त्याचे अतिशय क्रियाशील रूप तयार होते. ते डीएनएला आणि प्रथिनांना चिकटून बसते. कोंबडीच्या पिलांना हे विष दिले तर यौवनलोपी ग्रंथी लहान होते आणि भक्षक पेशींची गिळण्याची शक्ती मंदावते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत टर्की पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, अफ्लाटॉक्सिनयुक्त खाद्य खाणाऱ्या पक्ष्यांना पटकीची लस टोचूनही पुरेसे संरक्षण मिळाले नाही. लस चांगली होती. पण ती लक्षात ठेवणारा शिपाईच गुंगीत होता. माणसांतही खुणा सापडल्या आहेत. आफ्रिकेतील गांबिया देशातील ६ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनची खूण आढळली, त्या मुलांच्या लाळेतील आयजीए प्रतिपिंडे कमी होती.

फ्युमोनिसिनची चाल निराळी. त्याच्या रेणूचा आकार पेशीच्या आवरणात लागणाऱ्या स्फिंगानिन या द्रव्यासारखा आहे. पेशीतील विकर फसते आणि या तोतयाला धरून बसते. परिणामी आवरणासाठी लागणारा माल तयार होत नाही आणि आतड्याची तटबंदी कमकुवत होते. फ्रान्समध्ये डुकराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत फ्युमोनिसिन दिलेल्या पिलांच्या आतड्यांत रोगकारक ई. कोलाय जंतूंनी अधिक प्रमाणात ठाण मांडलेले आढळले.

डीऑक्सिनिव्हॅलेनॉल आणि टी-२ ही भावंडे पेशीतील प्रथिनांच्या कारखान्यावर, म्हणजे रायबोसोमवर, जाऊन बसतात. मात्रा थोडी असेल तर पेशी घाबरून उगाचच इशाऱ्याची दवंडी पिटते. मात्रा मोठी असेल तर पांढऱ्या पेशी मरू लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विशेषतः १९४४ साली, सोव्हिएत संघाच्या ओरेनबर्ग भागात उपाशी लोकांनी हिवाळाभर बर्फाखाली पडून राहिलेले धान्य वेचून खाल्ले. त्यांच्या हाडांची मज्जा निकामी झाली, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, घसा सडला आणि साध्या संसर्गाने माणसे दगावली. पुढे या आजाराचा संबंध फ्युजेरियमच्या टी-२ सारख्या विषांशी जोडला गेला. काश्मीरच्या मुलांच्या खोकल्याचा धागा येथे जुळतो.

ऑक्राटॉक्सिनही तोतयाच. त्याच्या रेणूत फिनिलअलॅनिन या अमिनो आम्लाचा तुकडा असतो. खऱ्या अमिनो आम्लाऐवजी हा तुकडा जागा अडवतो आणि प्रथिन तयार होण्याचे काम मंदावते. मूत्रपिंडावर त्याचा मुख्य घाव. पण प्राण्यांमध्ये लसीका पेशीही कमी होतात.

एक अधिक एक किती?

आता खरा प्रश्न. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ एका वेळी एक विष तपासतात. पण आपले ताट प्रयोगशाळेसारखे नसते. एकाच दाण्यावर दोन-तीन बुरशी नांदू शकतात. एकच बुरशी दोन-तीन विषे करू शकते. शिवाय जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाल तिखट आणि वर वाटीभर दूध, असे सर्व एकत्र येते. ज्वारी-मक्यात फ्युमोनिसिन, शेंगदाण्यात आणि मिरचीत अफ्लाटॉक्सिन. तेव्हा अनेक विषांची थोडी थोडी मात्रा एकत्र पोटात जाणे, हा अपवाद नसून तोच नियम होय.

एकत्र आल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. पहिली, साधी बेरीज : एक अधिक एक बरोबर दोन. दुसरी, एकमेकांना मारक : दोघेही एकाच दारातून घुसू पाहत असतील तर एक दुसऱ्याला अडवतो आणि परिणाम बेरजेपेक्षा कमी होतो. तिसरी, एकमेकांना पूरक : एक अधिक एक बरोबर तीन किंवा चार. घातक ती तिसरी.

तिसरी गोष्ट का घडते, हे मघाच्या गावाच्या चित्रावरून सहज कळेल. एका चोराने तटाला भगदाड पाडले, दुसऱ्याने पहारेकऱ्याला गुंगीचे औषध दिले, तिसऱ्याने नसत्या ठिकाणी "चोर, चोर" म्हणून ओरड केली. प्रत्येक जण एकटा आला असता तर गावाने त्याला निभावून नेले असते. भगदाड पडले तरी पहारेकरी जागे होते. पहारेकरी झोपले तरी तट शाबूत होता. पण तिघे मिळून आले म्हणजे एक फळी दुसरीची उणीव भरून काढू शकत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत कोंबडीच्या पिलांवर असे प्रयोग झाले. अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्राटॉक्सिन, तसेच अफ्लाटॉक्सिन आणि टी-२, या जोड्या एकत्र दिल्यावर पिलांची वाढ नुसत्या बेरजेपेक्षा अधिक खुंटली. पहिल्या जोडीत एक चमत्कारिक गोष्टही दिसली. एकट्या अफ्लाटॉक्सिनने यकृतात चरबी साठते. डॉक्टर ती पाहून रोग ओळखतात. पण सोबत ऑक्राटॉक्सिन असेल तर ती चरबी साठतच नाही! म्हणजे हानी वाढते आणि ओळखण्याची खूण मात्र पुसली जाते.

माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. म्हणून मिश्र विषांबद्दलचा बराचसा पुरावा प्राण्यांवरील आणि काचपात्रातील पेशींवरील आहे. त्यातही मात्रा, वय, आहार यांनुसार निकाल बदलतात. सर्वच जोड्या एक अधिक एक बरोबर तीन अशा नसतात. तरीही विष आणि रोगजंतू एकत्र आले तर काय होते, याचे एक ठळक उदाहरण माणसांत आहे. चीनमधील शांघाय शहरातील पुरुषांच्या पाहणीत यकृताच्या कर्करोगाचा धोका अफ्लाटॉक्सिनमुळे ३.४ पट, कावीळ-बी च्या विषाणूमुळे ७.३ पट, आणि दोन्ही एकत्र असताना ५९.४ पट आढळला. ३.४ आणि ७.३ यांचा गुणाकार करून पाहा. तो २५ च्या आसपास येतो. प्रत्यक्ष आकडा त्याच्याही दुपटीहून अधिक आहे.

अब्जात पंधरा दाणे

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने धान्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे अब्जात १५ भाग. हे किती कमी, ते हिशेबाने पाहू. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ३० ग्रॅम भरते. मग एक अब्ज दाण्यांचे वजन ३० टन, म्हणजे ३०० क्विंटल. तीनशे क्विंटल ज्वारीच्या ढिगात फक्त पंधरा दाणे! इतके अल्प प्रमाण डोळ्यांना, जिभेला, नाकाला कळणे शक्य नाही. गव्हातील डीऑक्सिनिव्हॅलेनॉलला १००० मायक्रोग्रॅम, गहू व जव यांतील ऑक्राटॉक्सिनला २० मायक्रोग्रॅम, अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत.

पण या मर्यादा एकेका विषाच्या आहेत. समजा, एका नमुन्यात तीन विषे आहेत आणि तिन्ही आपापल्या मर्यादेच्या किंचित खाली आहेत. कायद्याच्या दृष्टीने तो नमुना उत्तीर्ण झाला. शरीराच्या दृष्टीने झाला का? जगभरच्या शास्त्रज्ञांपुढील आजचा प्रश्न हाच आहे. लहान मुलांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक खाते, आणि त्याचे पहारेकरी अजून शिकत असतात.

मग करायचे काय?

"भाजले म्हणजे विष मरेल," असे पुष्कळांना वाटते. बुरशी मरते, विष मरत नाही. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. तवा कितीही तापला तरी भाकरीच्या आत पाणी असते आणि पाणी आहे तोवर आतले तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. फ्युमोनिसिनही असेच चिवट आहे.

"आम्ही खात नाही, जनावरांना घालतो," हाही उपाय पुरा नव्हे. गायी-म्हशीने बुरसटलेली पेंड खाल्ली तर अफ्लाटॉक्सिनचा काही अंश 'एम-१' या रूपाने दुधात उतरतो. 'एम' हे अक्षर दुधाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. दुधातील त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. कोंबड्यांच्या खाद्यात बेंटोनाइट जातीची माती मिसळतात. ती अफ्लाटॉक्सिनच्या चपट्या रेणूला धरून ठेवते आणि विष्ठेवाटे बाहेर नेते. पण डीऑक्सिनिव्हॅलेनॉलला ती जवळजवळ धरत नाही. विषे अनेक असली म्हणजे एकच उतारा पुरत नाही, हे येथेही दिसते.

तेव्हा खरा उपाय एकच, सर्व बुरशींना एकाच वेळी लागू पडणारा : कोरडेपणा. ज्वारीतील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक बुरशींची वाढ थांबते. भुईमुगाला त्याहूनही कमी, सुमारे ८ टक्के हवा. दाणा पक्व होताच काढणी करावी. कणसे शेतात उभी ठेवून पावसाची वाट पाहू नये. ओल्या कणसांचा ढीग घालू नये, पातळ पसरावीत. पोती जमिनीवर न टेकवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. सोयाबीनची गंज भिजली असेल तर वरचा भिजलेला थर वेगळा काढावा.

दुसरा उपाय निवडण्याचा. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ते थोड्या दाण्यांत एकवटलेले असते. सुरकुतलेले, रंग बदललेले, कुबट वासाचे शेंगदाणे काढून टाकले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. सुपात पाखडून हलके, पोचट दाणे उडवण्याची आपली रीत म्हणजे खरोखर शास्त्रशुद्ध कृती होय. मात्र काळा दाणा म्हणजे विषारीच आणि पांढरा म्हणजे निर्धोकच, असेही समजू नये. रंग हा इशारा आहे, निकाल नव्हे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्याच्या घरात दुसरे धान्य आहे त्याला "काळी ज्वारी टाकून द्या" हा उपदेश सोपा आहे. १९७४ सालच्या त्या आदिवासी घरांत दुसरे धान्य नव्हते. १९९५ साली भिजलेली ज्वारी खाणाऱ्यांनीही ती हौसेने खाल्ली नव्हती. म्हणून पावसाने पीक भिजले की गावात स्वच्छ धान्य वेळेवर पोचणे, धान्य वाळवण्याची सोय असणे आणि नमुना तपासून मिळणे, हेही लसीइतकेच आरोग्याचे काम आहे.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गात दोन सोपे प्रयोग करता येतील.

पहिला, मिठाची परीक्षा. एक कोरडी, झाकणाची काचेची बाटली घ्या. तीत एक तृतीयांश ज्वारी आणि दोन-तीन चमचे चांगले वाळलेले बारीक मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ज्वारीत ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे, ती साठवण्याजोगी नाही. मीठ तळाशी मोकळे पडले तर दाणा बऱ्यापैकी वाळला आहे. निरनिराळ्या घरांतील ज्वारी आणून तक्ता तयार करा. परीक्षेची ज्वारी पुन्हा घरच्या पोत्यात टाकू नका.

दुसरा, भाकरीचा. वाळलेल्या भाकरीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक तसाच, दुसरा पाण्याचे चार थेंब शिंपडून, दोन वेगळ्या काचेच्या बाटल्यांत ठेवा. झाकणे चिकटपट्टीने बंद करा. रोज बाहेरूनच पाहा आणि रंग, पसारा, दिवस यांची नोंद ठेवा. किती रंग दिसतात ते मोजा. दोन-तीन रंग दिसले तर बहुधा दोन-तीन जातींच्या बुरशी एकाच तुकड्यावर संसार करीत आहेत. बाटली कधीही उघडू नका, वास घेऊ नका. प्रयोग संपल्यावर ती न उघडताच मातीत खोल पुरा.

मिठाची परीक्षा सुगीच्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या घरच्या पोत्यावरही करावी. तिला पाच मिनिटे लागतात आणि खर्च चिमूटभर मिठाचा. बाटलीत मीठ चिकटलेले दिसले, तर ती ज्वारी त्याच दिवशी पुन्हा उन्हात पसरायला घरच्यांना सांगा. ऊन असेतोवरच हे काम होण्यासारखे असते.